कर्जातल्या घराचा खर्चविचार



प्रस्तुत पाठाचा विषय रोकड प्रपंचाचा आहे. घरावर कर्ज आहे, मिळकत बेताची आहे. अशा घराने रोजच्या खर्चाला आळा कोठे घालावा, कसा घालावा, आणि कोठे मुळीच घालू नये, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

यावर कोणी म्हणेल, "बुवा, मीठ-मिरचीचा हिशेब सांगायला कीर्तनकार कशाला हवा? तो आमचा आम्ही बघतो. तुम्ही आपले परमार्थाचे सांगा." शंका रास्त आहे. परंतु वर्षातून आठ महिने आम्ही गावोगाव हिंडतो, आणि कीर्तन संपल्यावर बुक्का लावताना कानाशी लागून लोक जे विचारतात, ते बहुधा मायाब्रह्माचे नसते. 'महाराज, देणे फार झाले, झोप लागत नाही,' हेच असते. ज्याला रात्री झोप नाही त्याचे मन पहाटेच्या काकड्यात कसे लागावे? माळकऱ्याचे देणे हा त्याच्या परमार्थातलाच अडसर आहे. म्हणून हा पाठ.

१. ऋणाचा विचार शास्त्रात कोठे येतो

मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे श्रुती सांगते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही ती तीन होत. ही सर्वांना ठाऊक आहेत. पण व्यवहारातल्या पैशाच्या ऋणाचाही विचार शास्त्रकारांनी काही कमी केलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वादाची अठरा पदे सांगितली आहेत, आणि त्यांत पहिले पद 'ऋणादान' हे आहे. भाऊबंदकी, सीमेचा तंटा, चोरी ही सगळी त्यानंतर. म्हणजे माणसामाणसांत बिघाड होण्याचे पहिले कारण उसनवारी, हे त्या काळीही दिसत होते. त्याच अध्यायात व्याजालाही मर्यादा घातली आहे; व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, मिळून रक्कम दुपटीपुढे जाऊ नये. यालाच आपण 'दामदुप्पट' म्हणतो. देणेकऱ्याने द्यावे हे जसे शास्त्र आहे, तसे घेणेकऱ्याने किती घ्यावे यालाही शास्त्र आहे. दोन्ही ध्यानात ठेवावी.

आता एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. पारावर बसून कोणी सहज बोलून जातो, 'अहो, तुकोबांनीसुद्धा कर्जखते इंद्रायणीत बुडवली. आपणही बुडवू!' माऊली, ती खते कोणाची होती ते पाहा. तुकोबांच्या घरी वाणसवदा होता, महाजनकी होती. लोकांनी तुकोबांना जे देणे लागत होते त्याची ती खते होती. तुकोबांनी बुडवले ते आपले येणे. कोणाचे देणे बुडवले नाही. शिवाय परंपरा सांगते की, कान्होबांच्या वाटणीची खते त्यांनी त्यांच्या हाती दिली आणि केवळ आपल्या वाटणीची तेवढी डोहात टाकली. दुसऱ्याच्या पैशावर त्यांनी उदारपणा केला नाही. तेव्हा या कथेवरून शिकावयाचे ते हे, की येणे सोडणे हा त्याग आहे. देणे बुडवणे हा त्याग नव्हे.

२. पैचा हिशेब

दुसरी कथा नाथांची. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांकडे हिशेबाचे काम होते. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. समईच्या उजेडात नाथ वह्या उलटीत बसले. उत्तररात्री चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, आणि एका पैच्या चुकीने एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडेल तेव्हा केवढा होईल, अशा अर्थाचे बोलले. कीर्तनात आम्ही या कथेचा उत्तरार्ध रंगवतो, आणि तेच योग्य. पण आज पूर्वार्ध पाहू. ज्याला पुढे भागवतावर टीका लिहावयाची होती, त्याने पैचा हिशेब हलका मानला नाही. हिशेब हा प्रपंचातला आत्मविचारच आहे.

म्हणून पहिले साधन असे: दोन रुपयांची का होईना, एक वही करावी. एका बाजूस आवक, दुसऱ्या बाजूस जावक. रात्री निजण्यापूर्वी दिवसभराचा पैनपै त्यात उतरवावा. हरिपाठ झाल्यावर लगेच लिहिण्याचा नेम ठेवला तर चुकत नाही. मोबाईलवरून दिलेला पैसाही लिहावा. किंबहुना तोच आधी लिहावा, कारण नोट मोडताना हात जसा जरा अडखळतो तसा बोटाने पैसे देताना अडखळत नाही. पहिला महिना काहीही कमी करू नये, फक्त लिहावे. महिनाअखेर वही उघडली की बोलणारा कोणी लागत नाही. वहीच बोलते.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर देण्याची यादी करावी. कोणाचे, किती, व्याज काय दराने, मुदत कधीची, तारण काय. आणि ही यादी घरात सर्वांसमोर वाचावी. पुष्कळ घरांत कर्त्या पुरुषाचे देणे त्याच्या कारभारणीला ठाऊक नसते. पोरांना तर नसतेच. मग एकटा तोच आतल्या आत कुढतो. घरच्यांना वाटते हा तिरसट झाला, आणि त्याला वाटते यांना माझी कदर नाही. देणे सांगितल्याने कमी होत नाही हे खरे. पण वाहणारे खांदे वाढतात. पालखी एकट्याने खांद्यावर घेत नाहीत.

३. एक घर कल्पून पाहू

नुसता उपदेश वाऱ्यावर जातो, म्हणून एक घर कल्पनेने मांडू. नवरा-बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. दोन एकर कोरडवाहू जमीन. नवरा तालुक्याला दुकानात कामाला, बायको शिवणकाम करते. सरासरीने महिन्याला २२,००० रुपये घरात येतात. देणे असे: सोसायटीचे पीककर्ज ८०,०००, सावकाराचे ५०,०००, शेकडा ३ दरमहा, बचत गटाचे ३०,०००, शेकडा २, दागिने गहाण ठेवून ४०,०००, शेकडा १, आणि किराणा दुकानची उधारी ९,०००.

आता महिन्याचे व्याज काढू. सावकाराचे १,५००, गटाचे ६००, दागिन्यांचे ४००. पीककर्ज बाजूला ठेवले तरी महिन्याला २,५०० रुपये नुसते व्याज जाते. हा घरातला सहावा माणूस आहे. तो कामाला जात नाही, पण ताटावर सर्वांच्या आधी बसतो.

या घराने महिनाभर वही लिहिली. त्यात काय दिसले? नवऱ्याचा तालुक्याला तीन वेळचा चहा, दहा रुपयांप्रमाणे, महिन्याला ९००. तंबाखू-सुपारी रोजची वीस, म्हणजे ६००. लेकरांच्या वेफरच्या पुड्या दोन, रोज वीस, म्हणजे आणखी ६००. घरात तीन मोबाईल, तिघांचेही भरणे वेगळे. किरकोळ कामाला गाडी काढून फाट्यावर दोन-दोन खेपा. उधारीवर माल आणल्यामुळे भाव न विचारता घेतलेल्या वस्तू.

मग त्यांनी असा निश्चय केला. चहा एकच वेळ बाहेर, दोन सोडले: ६०० वाचले. तंबाखू सोडली: ६००. पुड्यांऐवजी घरी शेंगदाणा-गुळाचे लाडू, त्याला १५० लागले: निव्वळ ४५०. आजीचा मोबाईल नुसता फोन घेण्यापुरता ठेवला: २००. गाडीच्या खेपा एकत्र केल्या: ४००. किराणा यादी करून रोखीने: ५००. दिवे आणि गॅस यांत १५०. एकूण २,९०० रुपये. यात कोणी उपाशी राहिले नाही, कोणाची शाळा सुटली नाही.

हे २,९०० कोठे घालावे? येथेच पुष्कळांचे चुकते. ते थोडे थोडे सगळ्यांना देतात आणि कोणाचेच फिटत नाही. सर्वांचे ठरलेले हप्ते द्यावेच. पण वाचवलेला पैसा मात्र ज्याचे व्याज सर्वांत जड त्याच्याच मुद्दलात घालावा. येथे तो सावकार होय. आजवर त्याला महिन्याला १,५०० व्याज जात होते. आता १,५०० अधिक २,९०० असे ४,४०० द्यावयाचे. पहिल्या महिन्यात मुद्दल ४७,१०० वर येते. मग दुसऱ्या महिन्याचे व्याज १,४१३ होते, आणि मुद्दलात २,९८७ जातात. असे प्रत्येक महिन्यास व्याज घटते, मुद्दलात जाणारा भाग वाढतो. चौदा महिन्यांनी साधारण ४५० रुपये उरतात आणि पंधराव्या महिन्यात ती वही बंद होते. हेच जर नुसते व्याज देत राहिले असते, तर चौदा महिन्यांत २१,००० रुपये देऊनही पन्नास हजार जसेच्या तसे उभे असते. व्याज देणे म्हणजे भिंगरी फिरवणे. मुद्दल देणे म्हणजे वाट चालणे. दोन्हींत पाय दुखतात, पण पंढरी एकीनेच जवळ येते.

पंधरा महिन्यांनंतर ते ४,४०० मोकळे होतात. ते घरखर्चात मिसळू देऊ नयेत. गटाच्या मुद्दलात घालावे, तेही फिटले की दागिन्यांच्या. पुढचे देणे मागच्यापेक्षा लवकर फिटते.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या. मुद्दलात भरणा घेणार का, हे सावकाराला आधी विचारावे, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या सहकारी निबंधकाकडे करता येते. दुसरी गोष्ट पीककर्जाची. ते मुदतीत फेडले तरच व्याजाची सवलत मिळते. मुदत चुकू देऊ नये. पण 'नवं-जुनं' करण्यासाठी चार दिवसांकरिता म्हणून खाजगीत जड व्याजाने उचल करू नये. चार दिवसांचे चाळीस कधी होतात, ते कळत नाही.

४. स्वयंपाकघर

घरखर्चाचा मोठा वाटा चुलीपाशी जातो, म्हणून येथे जरा थांबू. आमच्या माता-भगिनींना आम्ही काय शिकवावे! तरी पुष्कळ घरी पंक्तीला बसून जे पाहिले ते सांगतो.

पहिले धान्य. शेतात पिकले की वर्षाची ज्वारी-गहू आधी कणगीत घालावी, मग उरलेली विकावी. सुगीत सगळे विकून टाकायचे आणि आषाढात तेच धान्य चढ्या भावाने दुकानातून आणायचे, हा उफराटा व्यवहार होय. शिधापत्रिकेचा धान्यहक्क सोडू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य आहे, आणि २०२३ पासून ते मोफत मिळते. रेशनच्या रांगेत उभे राहण्यात कमीपणा नाही. उसने मागण्यात जो जीव खाली-वर होतो, तो त्या रांगेत होत नाही.

दुसरे कालवण. तुरीची डाळ महाग असेल तेव्हा तिलाच धरून बसू नये. मटकी, हुलगे, चवळी, मसूर, हरभरा आलटून-पालटून करावे. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, पिठले, ताकातली कढी, ही आपल्या आजीची पाने आहेत. कडधान्य रात्री भिजत घातले की लवकर शिजते, गॅस वाचतो. मोड आणले तर अधिक चांगले. परसात शेवगा आणि कढीपत्ता असावा. सांडपाण्यावर अळू, दोडका, भोपळा येतो. पावसाळ्यात बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी उगवते. ती ओळखणारी म्हातारी घरात असेल तर सुनेने तिच्याबरोबर एकदा बांधावर जावे. भाजी मिळेल आणि दोघींचे बोलणेही होईल.

तिसरे तेल. डबा वाकडा करून कढईत तेल ओतू नये; पळीने मोजून घालावे. महिन्याचे तेल महिन्याच्या पहिल्या दिवशी वेगळ्या बरणीत काढावे आणि तेवढ्यातच भागवावे. तळण सणाला. हा एक नेम पाळला तर खर्चही उतरतो आणि वैद्याचा दाराशी येणेही कमी होते.

चौथे जळण आणि दिवे. भांड्यावर झाकण ठेवावे, एकावर एक भांडे ठेवून कुकरमध्ये भात-वरण एकदम लावावे. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळाला तर महिन्याला ९ युनिटे जातात. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला त्याच वेळात दीड युनिटाहूनही कमी. देवापाशी निरांजन असावे. गोठ्यात उगाच जळणारा दिवा नसावा.

पाचवे उपवास. हे सांगताना थोडे हसू येते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यावरच पडली आहे. साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाट्याचा कीस, वरीचे तांदूळ, तूप, केळी! उपवासाचा बाजार रोजच्या जेवणाहून महाग. एकादशी ही पोटाला विसावा देण्यासाठी आहे. घोटभर ताक, दोन रताळी, एखादे फळ, आणि मुखात नाम. एवढ्यावर एकादशी उत्तम होते आणि महिन्यातून दोनदा घराचा खर्चही उतरतो. आजारी, म्हातारे, गरोदर बाया आणि लेकरे यांना मात्र सक्ती नको.

५. काय कमी करू नये

हा पाठाचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचावा.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी दोन्ही टोके वर्ज्य सांगितली आहेत. अति खाणाऱ्यालाही योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. काटकसरीचेही तसेच आहे. अपव्यय हा एक दोष, कार्पण्य हा दुसरा. काटकसर म्हणजे निरर्थक ते सोडणे. कार्पण्य म्हणजे आवश्यक तेही सोडणे.

आम्ही पाहिले आहे की, घरात ओढ लागली की पहिली कात्री सुनेच्या ताटाला लागते. कोणी मुद्दाम लावीत नाही. पुरुषांची पंगत उठते, लेकरे उठतात, सासू उठते. मग जे खरवडून उरते ते ती खाते. उरले नाही तर पाण्याचा तांब्या. घरचे म्हणतात, 'आमची सून फार काटकसरी.' माऊली, ही काटकसर नव्हे, हे तिच्या रक्ताने फेडलेले व्याज आहे! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बाया रक्त कमी असलेल्या आढळल्या. त्यात माळकऱ्यांच्या घरच्या नसतील काय? म्हणून नेम करा: कर्ज फिटेपर्यंत सर्वांनी एका पंगतीला बसायचे. जे आहे ते वाढायचे. भाकरी कमी असेल तर ती सर्वांना सारखी कमी पडू द्या. काल्याचा अर्थ दुसरा काय आहे? गोपाळांनी आपापली शिदोरी एकत्र केली आणि देवाने ती सर्वांना सारखी वाटली. काला देवळात करायचा आणि घरी सुनेला खरवड ठेवायची, हा कोणता संप्रदाय?

लेकरांचे दूध, त्यांच्या वह्या, शाळेचे भाडे कमी करू नये. विशेषतः मुलीची शाळा प्रथम सुटते. तसे होऊ देऊ नये. म्हाताऱ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या 'आता बरे वाटते' म्हणून बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून तेच औषध मूळ नावाने घेतले तर पुष्कळ स्वस्त पडते. मोठ्या आजारात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कागद आधी विचारावा, मग दागिन्यांचा डबा उघडावा. एसटीने जावे: २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढील ज्येष्ठांना साध्या एसटीत भाडे नाही, आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धे भाडे आहे.

६. समारंभ आणि धर्मकार्य

येथपर्यंत आम्ही चहाचे दहा रुपये मोजले. पण खरे बोलावयाचे तर घरे चहाने बुडत नाहीत; मांडवाने बुडतात. बारसे, जावळ, साखरपुडा, हळद, लग्न, वास्तुशांत, आणि माणूस गेल्यावर दहावा-तेरावा. वर्षभर पळीने तेल मोजणारे घर एका दिवसात तीन लाखांचे जेवण घालते, कारण 'लोक काय म्हणतील'. लोक जेवून हात धुतात आणि मांडवाबाहेर पडल्याबरोबर आमटी पातळ होती असेच म्हणतात. त्यांच्या या शब्दासाठी पाच वर्षे व्याज भरायचे काय? लग्न देवळाच्या सभामंडपात दोन घरच्या माणसांत होते. सामुदायिक सोहळ्यात होते. मंगलाष्टके तीच असतात. तेराव्याला पंचपक्वान्नाने पितर तृप्त होतात आणि साध्या वरण-भाताने होत नाहीत, असे आम्ही शिकलेल्या शास्त्रात कोठे नाही. श्राद्धाचा मूळ शब्दच श्रद्धा आहे.

आता आमच्या स्वतःच्या घरचे बोलतो. सप्ताहाची वर्गणी, पंगत, दिंडीची भिशी हाही खर्चच आहे. देणे असलेल्या घराने वर्गणीसाठी उसने काढू नये, आणि सप्ताहाच्या पंचांनी तशा घरी पावतीपुस्तक घेऊन उभे राहू नये. ज्याला पैसा देणे होत नाही त्याने पाणी भरावे, पत्रावळी उचलाव्या, भांडी घासावी, वीणा घेऊन पहारा द्यावा. ती सेवा पावतीच्या सेवेहून उणी नाही. पायी वारी अवश्य करावी, पण तिच्यासाठी कर्ज काढू नये. सगळी वाट जमत नसेल तर चार मुक्काम चालावे. तेही नसेल तर गावच्या देवळात एकादशीला उभे राहावे. आम्हा कीर्तनकारांनीही बिदागी ठरवताना गाव पाहावे. ज्या गावी यंदा पाऊस झाला नाही तेथे नारळ आणि प्रसाद पुरे. आणि मंडळींनीही आमच्यासाठी बासुंदीचा घाट घालू नये. आमटी-भाकरीने आमचा आवाज बसत नाही.

माळेचा एक लाभ मात्र येथे सांगितला पाहिजे. दारू आणि मांसाहार माळेबरोबरच सुटतात. हा खर्च आपल्याला मुळात नाही. पण दारू सुटली आणि त्या जागी तंबाखूची पुडी आली, असे पुष्कळांचे झाले आहे. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी असूनही टाळकऱ्यांच्या गालात तो सापडतो. ज्या मुखात नाम त्या मुखात तो नको. खर्चाचे कारण तर आहेच.

७. नवे कर्ज

जुने फिटत असताना नवे न काढणे हे अर्धे ऋणमोचन आहे. चार्वाकाच्या नावावर कर्ज काढून तूप पिण्याचा उपदेश सांगतात. हल्ली तो उपदेश मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. चार मिनिटांत कर्ज, कागद नको, जामीन नको! असे कर्ज देणारे पुढे फोनमधले नंबर काढून सोयऱ्याधायऱ्यांना फोन करतात आणि अब्रू चव्हाट्यावर मांडतात. त्याच्या वाटेस जाऊ नये. आठवड्याचे हप्ते घेणाऱ्या कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे सर्व कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक मिळकतीच्या निम्म्यावर जाऊ नयेत, आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर येऊ नये. हे घरच्या बायांना माहीत असावे, कारण दारात उभे राहण्याची वेळ त्यांच्यावरच येते.

एक नवे कर्ज मात्र विचाराने घेता येते: जड व्याजाचे फेडण्यासाठी हलक्या व्याजाचे. शेकडा ३ चे पन्नास हजार शेकडा २ ने गटाकडून घेऊन फेडले, तर महिन्याला ५०० वाचतात. पण ते पैसे त्याच दिवशी सावकाराच्या हातात गेले पाहिजेत. एक रात्रही घरात राहिले तर त्यांना वाटा फुटतात.

८. मनाचे दोन शब्द

एवढे करूनही काही घरी मेळ बसणार नाही. दुष्काळ पडतो, भाव पडतो, आजार येतो. शक्य तो उपाय करूनही देणे उरले तर तो पापाचा पुरावा नव्हे. तुकोबांचेही दुष्काळात दिवाळे निघाले, घरातले माणूस अन्नावाचून गेले. त्यांच्या भक्तीत काही उणे होते काय? देणेकऱ्यापुढे तोंड लपवू नये. जाऊन सांगावे, 'या महिन्यात एवढेच आहे, उरलेले पुढच्या सुगीला देतो.' स्वतः होऊन गेलेल्या माणसाला बहुतेक जण मुदत देतात; पळणाऱ्याला कोणी देत नाही.

आणि ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार डोकावतो, त्याने ती रात्र एकट्याने काढू नये. उठून घरच्या माणसाला जागे करावे, शेजाऱ्याचे दार वाजवावे, फडातल्या टाळकऱ्याला बोलवावे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येते. कर्ज मागे राहिले तर ते फेडता येते. माणूस गेला तर कर्जही राहते आणि फेडणारा हातही जातो. गावात असा कोणी गप्प गप्प झालेला दिसला, तर भजनी मंडळींनी त्याच्या घरी जाऊन बसावे. 'वही काढ, आपण मिळून बघू' एवढे म्हणावे. दिंडीत मागे पडलेल्याचे गाठोडे आपण घेतोच ना? तसेच हे.

या पाठाचे नेम थोडक्यात असे: रोज रात्री वही, देण्याची यादी सर्वांसमोर, वाचलेला पैसा जड व्याजाच्या मुद्दलात, सर्वांची एक पंगत, कर्ज काढून समारंभ नाही. येत्या एकादशीपासून धरावे, आणि पुढच्या एकादशीला वही उघडून पाहावी. पैची चूक सापडली, तर नाथांसारखी खुशाल टाळी वाजवावी.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!